संगणकासाठी येणारी मुलगी

रविवार, २ नोव्हेंबर

शमीमचा फोन आला होता. औरंगाबादच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगात शमीम, लॉर्ना आणि मी एका खोलीत होतो. शमीम अजून औरंगाबादलाच आहे, लॉर्ना म्हापशाला. शमीमनं कुठूनसा एक खेळ शोधलाय, संगणकावरचा मेंढीकोट. तिघींनी आपापल्या घरी बसायचं, पत्ते पडद्यावर, एकमेकींचा आवाज कानात, आणि चौथा भिडू खेळ स्वतःच पुरवतो. दर रविवारी चार वाजता. बोर्डिंगातही आम्ही रविवारी चारलाच खेळायचो, सिस्टर बेनेडिक्टा बेनिडिक्शनच्या प्रार्थनेची तयारी करत असायच्या तेव्हा. मेणबत्त्यांचा वास यायला लागला की पत्ते गादीखाली.

"मंजू, तुझ्याकडे कॉम्प्युटर असेलच," शमीम म्हणाली.

"असेलच काय, माझ्या स्टडीत आहे," मी म्हटलं.

मला स्टडी नाही. चकलांब्याच्या या घरात पुस्तकांचं एक कपाट आहे, तेही धान्याच्या खोलीत. संगणक आहे तो माझ्या सुनेचा, तेजश्रीचा. लग्नाआधी गेवराईत तिचं लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं लहानसं दुकान होतं. लग्नानंतर संगणक तिच्याबरोबर आला आणि दुकान बंद झालं. सभापतींच्या सुनेनं बाजारात टेबल मांडून बसायचं नाही, असं आप्पा म्हणाले. आप्पा म्हणजे माझे यजमान. त्यांची सभापतिपदाची मुदत संपून आता बरीच वर्षं झाली, पण घरात अजून त्याच हिशेबानं बोललं जातं.

स्टडीचं उगाच बोलले. कुणाचं त्यात नुकसान नाही म्हणा.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

तेजश्रीला खेळाचं सांगितलं. तिनं बघितलं आणि मान हलवली.

"आई, ह्यो विंडोजचा खेळ हाय. आपल्या मशिनवर लिनक्स हाय. जुनं मशिन, त्याला तेच झेपतं."

"मग नाही चालणार?"

"चालंल की. खेळाला एक बोली येती, मशिनला दुसरी. मधी दुभाषा बसवायचा. खेळ म्हनला पत्ता टाक, की दुभाष्यानं मशिनला त्याच्या बोलीत सांगायचं. खेळाला वाटतं आपून आपल्याच घरी हाव."

त्या दुभाष्याचं खरं नाव वाइन. आप्पांच्या गळ्यात माळ आहे, म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं की त्याला दुभाषाच म्हणायचं. तेजश्री तोंडाला पदर लावून हसत होती.

मी लग्न होऊन आले तेव्हा माझी दुभाषी छबुबाई होती, आमच्या स्वयंपाकघरात तेव्हापासून आहे ती. 'कावून' म्हणजे 'का', हे मला तिनं शिकवलं. सासूबाई बोलायच्या, मी छबुबाईकडे बघायचे, छबुबाई मला समजावायची. पुढे मी शिकले सगळं. बोलायला मात्र कधी लागले नाही. जीभ वळेना की मीच वळवली नाही, आता सांगता येत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

तीन-चार दिवस नुसती खटपट चालली आहे. आधी नुसतीच काळी चौकट. मग पत्ते आले, पण कोरे. राजा, राणी, गुलाम, कुणालाच चेहरा नाही. ज्यांना ज्यांना ही अडचण आली त्यांनी नेटवर लिहून ठेवलंय म्हणे. तेजश्री ती इंग्रजी पानंच्या पानं वाचत बसते आणि एकेक करून पाहते. काल तिनं काहीतरी केलं आणि मशिनचा आवाजच गेला. "बया, ह्ये काय झालं," म्हणून कपाळाला हात लावून बसली. मग केलेलं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

आप्पा दारातून डोकावून म्हणाले, "सासू-सून मिळून अड्डाच काढा आता. निदान लोक तरी येतील दारात."

तेजश्री हळूच मला म्हणाली, "आप्पांना पन एक हात वाटू का?" मला इतकं हसू आलं की चहा सांडला. अमर, माझा मुलगा, लातूरला नोकरीला असतो, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. एरवी या घरात मला हसवणारं दुसरं कोण आहे?

रविवार, ९ नोव्हेंबर

चालला. राजा-राणीला चेहरे आले. बरोबर चारला लॉर्नाचा आवाज कानात आला, तोच, नाकातला, आणि मी पुन्हा नववीत गेले. दुसऱ्याच डावात हातात तीन दहिल्या होत्या. मेंढीकोटात दहिल्या, म्हणजे दहाचे पत्ते, मिळवायचे असतात, आणि मला आयत्या तीन आलेल्या. आनंदानं मी त्यातला एक पत्ता इतक्यांदा दाबला की खेळ अडकून बसला.

मागं उभी असलेली तेजश्री खाली वाकली. "आई, थांबा. तुमी लई येळा दाबलं. हळू दाबा."

तिचा आवाज त्या दोघींना ऐकू गेला. लॉर्नानं इंग्रजीत विचारलं, "कोण गं ती?"

मी इंग्रजीत म्हणाले, "संगणकासाठी येणारी मुलगी आहे. गावातलीच."

का म्हणाले, मला माहीत नाही. तोंडातून आलं. शमीमला अमरच्या लग्नाचं मी एवढंच सांगितलं होतं की साधेपणानं केलं, लिंबागणेशला, व्याही शेतीवाले आहेत. बबनराव आणि सावित्रीबाई, तेजश्रीचे आईवडील, दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मी त्यांचं नाव नेहमी आदरानं घेते. पण शमीमचे व्याही बॅरिस्टरांच्या घरातले, लॉर्नाचा जावई डॉक्टर. त्यांना सांगायचं तर वाक्य सुरू कुठून करायचं?

तेजश्रीनं आवाज कमीजास्त करून दिला आणि ती बाहेर गेली. तिला कदाचित स्वयंपाकाचं बघायचं असेल. बोललेलं इंग्रजी तिला तसं कळत नसावं, तेवढं एक बरं. तो डाव मी आणि लॉर्नानं जिंकला.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज सगळे डाव हरलो, तरी मजा आली. तेजश्रीनं चारच्या आधीच सगळं लावून ठेवलं आणि ती निघून गेली. काही अडलं तर काय करायचं तेही एकदाच नीट सांगून.

ती हल्ली मला हाक मारत नाही. समोर येते आणि एकदम बोलायलाच लागते. थंडी पडलीय, सर्दी झाली असेल. छबुबाईला काढा करायला सांगितला. तो तिनं घेतला नाही.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज फार वाईट झालं.

खेळ सुरू करताना त्यानं आपली नवी आवृत्ती उतरवून घेतली. मी पत्ते उचलले मात्र, आणि माझ्या नावापुढे लाल अक्षरं आली: या खेळाडूच्या संगणकात ढवळाढवळ आढळली आहे. टेबलावरच्या सगळ्यांना दिसली. मग खेळानं मला बाहेर काढलं.

लगेच लॉर्नाचा फोन. आवाज इतका गोड की मला तेव्हाच कळलं. "मंजू, पत्तेच तर आहेत गं. जिंकावंसं कुणाला वाटत नाही? आम्ही मनावर घेतलेलं नाही."

मी म्हटलं, "मी काही केलं नाही."

"अर्थातच," ती म्हणाली. त्यापेक्षा तिनं भांडण केलेलं परवडलं असतं.

तेजश्रीला बोलावलं. ती वाचून म्हणाली, "कंपनीनं रखवालदार बसवलाय, लबाडी पकडायला. त्याला आपला दुभाषा दिसला. त्याला वाटलं, ह्यो मधी उभा राहून दुसऱ्याचे पत्ते बघतोय. तसं काय न्हाई. मी सांगते तुमच्या मैतरनींना समजून. फोन लावून द्या."

"नको," मी म्हटलं. जरा फारच पटकन.

"कावून?"

तिनं फोनवर बोलायचं म्हणजे ती कोण, हे पुन्हा निघणार. मशिन कुणाचं, कुठल्या दुकानातलं, स्टडी कुठली. लबाड ठरले तरी चालेल, पण ते नको, असं मला त्या क्षणी स्पष्ट वाटलं. इथं लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि मशिन बंद केलं.

बुधवार, १० डिसेंबर

मैत्रिणींना सांगायला मी नको म्हटलं, तरी तेजश्रीनं कंपनीला लिहिलं होतं. तुमच्यावर लबाडीचा आळ नाही, पण दुभाष्यामार्फत आता खेळू देणार नाही, असं उत्तर आलं म्हणे. "आता ह्याला माझ्याकडं इलाज न्हाई. दुसरं मशिन घ्या न्हाईतर फोनवर गप्पा मारा." तिचं बोलणं काही उद्धट नव्हतं. बँकेत खिडकीमागची बाई बोलते तसं होतं.

दुपारी शमीमचा फोन. लॉर्ना नाताळ झाला की तिच्याकडे येतेय. "मशीन गेली खड्ड्यात. आम्ही दोघी गाडी घेऊन तुझ्याकडेच येतो, अठ्ठावीसला, रविवारी. जेवू आणि खऱ्या पत्त्यांनी खेळू. तुझी स्टडी बघू. सूनबाई असेल ना? तिला मी अजून पाहिलंच नाही."

मी "या, या" म्हणाले.

शनिवार, २० डिसेंबर

दहा दिवस मनात घोळवून आज बोलले. तेजश्री अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती.

"तेजश्री, लग्नानंतर तू नीट माहेरी राहायला म्हणून गेलीच नाहीस. पुढच्या आठवड्यात जाऊन ये दोन-चार दिवस. शनिवार-रविवार धरून."

ती कपडे काढतच राहिली. "माहेराला कुलूप हाय."

"कसलं कुलूप?" मी विचारलं.

"दिवाळीपासून कुलूप हाय. आई-बाप कारखान्यावर गेलेत, सांगलीकडं. शेळी पन चुलत्याकडं ठिवलीय. कुनाकडं जाऊ?"

मी हे विसरले होते. दिवाळीत सावित्रीबाई निघायच्या आधी इथं येऊन गेल्या, मीच त्यांना ब्लाउजपीस दिला, ओटी भरली. आणि दोन महिन्यांत विसरले. गुढीपाडवा उजाडेपर्यंत या भागातल्या कितीतरी मुलींना माहेर नसतं, हे मला ठाऊक नाही असं थोडंच आहे. इथं राहून मी म्हातारी झाले.

तेजश्रीनं चादरीची घडी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी हितंच ऱ्हाते त्या दिवशी. छबुमावशीला एकटीला व्हायचं न्हाई. कॉम्प्युटरसाठी येनारी पोरगी रविवारची बी येती, म्हना त्यान्ला."

हे ती मराठीत म्हणाली. मी इंग्रजीत म्हटलं होतं.

मी तिथंच उभी राहिले. ती कपडे घेऊन आत गेली.

रविवार, २८ डिसेंबर

आप्पा सकाळीच एका लग्नाला शेवगावला गेले. मला सुटल्यासारखं वाटलं, याचीही लाज वाटली.

तेजश्री साध्या साडीत होती, मंगळसूत्र पोलक्याच्या आत. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. तसं करू नकोस, असंही सांगितलं नाही. छबुबाई सकाळपासून माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "बाईसाहेब, ह्ये काय सोंग चाललंय? पोरीच्या गळ्यात काय न्हाई, तुमच्या तोंडावर काय न्हाई." मी तिला पोळ्यांकडे बघायला सांगितलं.

बाराच्या सुमारास दोघी आल्या. लॉर्ना वाकली आहे, शमीम अजून ताठ. गळ्यात पडून रडलो. शमीमनं इकडेतिकडे पाहिलं. "सूनबाई?"

"अमरकडे गेलीय, लातूरला."

तेव्हा तेजश्री पाण्याचे पेले घेऊन समोरच उभी होती. तिनं आधी शमीमला पेला दिला, मग लॉर्नाला. मला देताना "बाईसाहेब" म्हणाली.

जेवणं झाली. शेंगांच्या चटणीचं कौतुक झालं. स्टडीचं निघालं तेव्हा तिथं रंगकाम चाललंय म्हणून सांगितलं. मग पत्ते निघाले, आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की आम्ही तिघीच आहोत. चौथा हात मशिन द्यायचं.

"ए बेटा," शमीमनं तेजश्रीला हाक मारली, "तुला येतो का मेंढीकोट? बैस माझ्यासमोर. माझी भिडू तू."

तेजश्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी बस म्हटलं. ती सतरंजीच्या कडेला बसली. पत्ते तिनं असे पिसले की लॉर्नाचे डोळे चमकले.

"कुठं शिकलीस?"

"तळावर."

"तळ म्हणजे?"

"कारखान्याजवळ ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हंजी पाचटाच्या झोपड्या, असत्यात, त्याला तळ म्हनत्यात. मी ल्हान असताना आई-बापासंगं जायचे. मोठी मानसं पहाटं उसाच्या फडात जायची, आमी पोरं दिवसभर कोपीत. एक जोड व्हता पत्त्यांचा. त्यात बदामचा सत्ता नव्हता, तर काडेपेटीचं झाकन ठिवलं व्हतं त्याच्या जागी. मग कुनाच्या हातात बदाम सत्ता हाय ते समद्यांना दिसायचं."

लॉर्ना खूप हसली. तेजश्रीही हसली. "मग शाळा?" शमीमनं विचारलं.

"सातवीनंतर आजीकडं ठिवलं. तवापासून शाळा बुडली न्हाई."

या मुलीला या घरात येऊन दुसरं वर्ष संपत आलं. मी तिला यातलं काहीही कधी विचारलं नव्हतं. समोर बसून ऐकत होते, पाहुण्यांसारखी, पहिल्यांदाच.

डाव चांगले झाले. एकदा ती जिंकायचा पत्ता विसरली आणि शमीमनं तिला खोटं खोटं झापलं. "मेरी भिडू, झोपलीस काय?" तेजश्री म्हणाली, "न्हाई, तुमचा चेहरा वाचत व्हते, आन् तुमी हसलाच न्हाई." पुन्हा हशा. मी दोन-तीनदा तोंड उघडलं. आता सांगावं. या डावानंतर सांगावं. पत्ते वाटून होईपर्यंत पुढचा डाव सुरू झालेला असायचा.

निघताना शमीमनं पर्स उघडली, एक नोट काढली आणि दोन्ही हातांनी तेजश्रीच्या हातात ठेवली. "खुश रहो. बाईंकडे लक्ष दे. एकट्या आहेत त्या."

तेजश्रीनं नोट घेतली, कपाळाला लावली, कमरेला खोचली. तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मी गाडीचं दार लावून घेतलं. हात हलवला.

सोमवार, २९ डिसेंबर

सकाळी उठल्या उठल्या शमीमला फोन केला. चहाही घेतला नाही, कारण घेतला असता तर केला नसता. म्हटलं, कालची ती मुलगी माझी सून आहे. अमर लातूरला एकटाच आहे. संगणक तिचा आहे, स्टडी कुठलीच नाही, पत्त्यांत मी लबाडी केलेली नाही. सगळं एका दमात.

मग शमीम म्हणाली, "मैंने उसके हाथ में पैसे रखे, मंजू. तू बघत होतीस."

"हो."

"दार तू लावलंस."

"हो."

तिनं फोन ठेवला. रागानं नाही, तिला बोलता येईना म्हणून, असं मला वाटतं.

खरं सांगते, मला हलकं वाटलं. मी तशीच तेजश्रीकडे गेले. ती चुलीपाशी पाणी तापवत होती. म्हटलं, "मी सांगितलं त्यांना. तू माझी सून आहेस म्हणून. सगळं सांगितलं."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मला माफ करेल, यांपैकी काहीतरी.

"मला इचारायचं व्हतं आदी," ती म्हणाली.

"अगं, पण तुझ्यासाठीच..."

"मी पैसे घेतले त्यांच्याकडून. कामाची पोरगी म्हनून घेतले. ते सोंग मी माझ्या हातानं घेतलं व्हतं, मला त्याचं काय वाटलं न्हाई. तुमचं झाकायचं व्हतं, झाकलं. आता त्या काय म्हनतील? सून असून पेले वाटले, गळ्यातलं लपवलं, वर पैसे बी घेतले. तळावरचं सांगितलं ते बी त्यान्ला आता येगळंच वाटंल." तिनं लाकूड आत सारलं. "तुमचं मन हलकं झालं. माझं तोंड गेलं त्यांच्यापुढं."

छबुबाई शेजारी कणीक मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाईसाहेब, जरा भाईर जा आता."

मी बाहेर आले. माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरातून मला कुणी पहिल्यांदाच बाहेर काढलं, आणि ते बरोबर होतं.

गुरुवार, १ जानेवारी

अमरचा फोन आला, नव्या वर्षाचा. तेजश्रीनं त्याला काही सांगितलेलं दिसत नाही. मीही सांगितलं नाही, पण या वेळी त्याचं कारण वेगळं होतं. ते तिनं सांगायचं आहे की नाही, हे तिचं आहे. एवढं तरी मला आता कळावं.

आज आप्पांशी दुकानाचं बोलले. बाजारात नको तर आपल्याच पुढच्या खोलीत, लोक अर्ज भरायला येतील, म्हटलं. "तिनं मागितलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "मग तू कावून मधी पडतीस?" तिला आधी विचारायला हवं होतं. पुन्हा तेच केलं.

रविवार, ४ जानेवारी

चारला फोन वाजला. दोघी लायनीवर होत्या, लॉर्ना अजून शमीमकडेच आहे. शमीमचा आवाज जड होता. "तेजश्रीला फोन दे. मला तिची माफी मागायची आहे."

तेजश्री मागच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी फोनवर हात ठेवला आणि जरा लांबच थांबले. "शमीम आहे. तुझ्याशी बोलायचं म्हणतेय. बोलशील का? नको असेल तर नको."

तिनं एक शेंग सोलून संपवली. दुसरी घेतली. मग मान हलवली, नाही म्हणून.

मी फोन कानाला लावला. तिला ऐकू जावं म्हणून मराठीतच बोलले. "ती आत्ता बोलायची नाही म्हणतेय, शमीम. तिला वाटेल तेव्हा बोलेल, नाहीतर नाही बोलणार. माफी मी मागायची आहे, तू नाही. माझी अजून मागून झालेली नाही."

"तुझ्याशी तरी बोलू ना आम्ही?" मागून लॉर्नानं विचारलं.

"पुढच्या रविवारी," म्हणून मी फोन ठेवला.

परत आत यायला हवं होतं. मी ओट्यावर बसले, तिच्यापासून हातभर अंतरावर. मध्ये शेंगांचं सूप होतं. तेजश्रीनं ते माझ्याकडे सरकवलं नाही. आपल्याकडे ओढूनही घेतलं नाही. थोडा वेळ थांबून मी मूठभर शेंगा उचलल्या. मला नीट सोलता येत नाहीत, दाणे चिरडतात. तिनं एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि माझे चिरडलेले दाणे आपल्या चांगल्या दाण्यांत मिसळू नयेत म्हणून एक वेगळी वाटी माझ्यापुढे ठेवली.

अंधार पडेपर्यंत आम्ही सोलत होतो.